डावललेला सेनापती

१९८३ च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या साउथ ब्लॉकमध्ये सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. लष्करप्रमुख जनरल के. व्ही. कृष्णराव जुलैअखेर निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी उपप्रमुख लेफ्टनंट जनरल श्रीनिवास कुमार सिन्हा येणार. सिन्हा ज्येष्ठतेच्या यादीत वर होते. वेस्टर्न कमांडसारखी मोठी कमांड सांभाळून ते मुख्यालयात आले होते. चाळीस वर्षांची नोकरी झाली होती आणि आता एकच पायरी उरली होती.

सरकारने नाव जाहीर केलं ते वेगळंच. नवे लष्करप्रमुख म्हणून लेफ्टनंट जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांची निवड झाली. वैद्य ज्येष्ठतेत सिन्हांच्या मागे होते.

फौजेत ही गोष्ट किती खोल जाते, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कचेरीत साहेब बदलला, आपल्या मागचा माणूस पुढे गेला, तर चार दिवस मन खट्टू होतं आणि मग पगाराच्या दिवशी सगळं जागेवर येतं. फौजेत तसं नसतं. तिथे एका दिवसाची ज्येष्ठतासुद्धा मोजली जाते. कोण कुणाला आधी सलाम करणार, हे त्यावर ठरतं. काल ज्याचा सलाम घेतला, त्याला उद्यापासून सलाम करायचा, आणि तोही रोज, सगळ्यांच्या देखत. सरकारला निवडीचा अधिकार आहे, हे कायद्याने सगळ्यांनाच मान्य असतं. पण मान्य असणं आणि सोसणं यांत फार अंतर आहे.

सिन्हांपुढे वाटा होत्या. कोर्टात जाता आलं असतं. वर्तमानपत्रं तर दाराशीच उभी होती, त्यांच्याकडे मन मोकळं करता आलं असतं. उपप्रमुखाच्या खुर्चीत मुदत संपेपर्यंत बसून राहता आलं असतं, कारण तेही पद काही लहान नव्हतं. यातलं त्यांनी काहीही केलं नाही. फौजी भाषेत सांगायचं तर त्यांनी पेपर टाकले, म्हणजे मुदतपूर्व निवृत्ती मागितली. निर्णय घेणं हा सरकारचा अधिकार आहे, हे त्यांनी मानलं. नव्या प्रमुखाबद्दल वावगा शब्द काढला नाही आणि गणवेश उतरवला.

महाराष्ट्रात आपण या प्रसंगाची दुसरी बाजू जास्त ओळखतो. वैद्य आपले. १९६५ साली खेमकरण भागात डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची पलटण घेऊन पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिलेले आणि १९७१ साली झफरवाल भागात रणगाड्यांच्या ब्रिगेडचं नेतृत्व केलेले. दोन्ही वेळा महावीरचक्र. एक मराठी माणूस लष्करप्रमुख झाला याचा आपल्याला आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण त्याच दिवशी दिल्लीत एक माणूस निमूटपणे आवराआवर करत होता, याकडे लक्ष जायला आपल्याला बराच वेळ लागला. वैद्य आणि सिन्हा दोघेही १९२६ सालचे. एकाच वर्षाची ही दोन माणसं. पद एकच होतं.

सिन्हा मूळचे बिहारचे. घरात पोलिसी शिस्त होती. आजोबा आणि वडील दोघेही पोलीस खात्यात वरच्या हुद्द्यावर होते. पाटण्यात पदवी घेऊन वयाच्या सतराव्या वर्षी हा मुलगा फौजेत शिरला. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि अधिकारी घाईघाईने तयार केले जात होते. त्याचं प्रशिक्षण झालं आपल्या बेळगावात, तिथल्या अधिकारी प्रशिक्षण शाळेत, आणि तिथला सर्वोत्कृष्ट कॅडेट म्हणून तो बाहेर पडला. ही बेळगावची नोंद वाचकांनी ध्यानात ठेवावी. जाट रेजिमेंट, ब्रह्मदेशाची आघाडी, मग इंडोनेशिया, आणि स्वातंत्र्यानंतर गोरखा रायफल्स, असा त्याचा पुढचा प्रवास झाला.

१९४७ च्या ऑक्टोबरात सिन्हा एकवीस वर्षांचे होते. हुद्दा मेजर. दिल्ली आणि पूर्व पंजाब कमांडच्या मुख्यालयात त्यांची नेमणूक होती. या कमांडचं काम तेव्हा लढाईचं नव्हतंच. फाळणीचे लोंढे येत होते, दंगली चालल्या होत्या, निर्वासितांच्या छावण्या राखायच्या होत्या. पलटणी जिकडेतिकडे विखुरलेल्या होत्या. अशात २६ ऑक्टोबरला जम्मू-काश्मीरच्या महाराजांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि उजाडता उजाडता श्रीनगरला सैन्य उतरवायचं ठरलं. पाकिस्तानातून घुसलेले टोळीवाले बारामुल्लापर्यंत येऊन पोचले होते.

त्या एका रात्रीतली धावपळ कशी असेल याची कल्पना करून पाहा. कमांडचे प्रमुख जनरल रसेल इंग्रज होते आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना काश्मीरच्या कारवाईत पाऊल टाकायला मनाई होती. म्हणजे भार पडला तो पंचविशीच्या आतबाहेरच्या हिंदी अधिकाऱ्यांवर. हवाई दलाची विमानं पुरेशी नव्हती, म्हणून खासगी कंपन्यांची डकोटा विमानं मिळतील तिथून गोळा करायची. प्रवाशांसाठी बसवलेल्या खुर्च्या काढायच्या. किती माणसं, किती दारूगोळा, किती शिधा एका विमानात बसतो याचा हिशेब मांडायचा. श्रीनगरची धावपट्टी कच्ची, दिव्यांची सोय नाही, तिथे पेट्रोल मिळेल याची खात्री नाही. सगळ्यात कठीण म्हणजे ती धावपट्टी आपल्या ताब्यात आहे की टोळीवाल्यांच्या, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिली तुकडी होती पहिल्या शीख पलटणीची, आणि तिचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. पलटण गुडगावला होती, तिथून तिला विमानतळावर आणलं. सिन्हांनी राय यांना हुकूम समजावून सांगितले. श्रीनगरवर पोचल्यावर आधी घिरट्या घालून पाहा, विमानतळ शत्रूच्या हाती दिसला तर उतरू नका, जम्मूकडे वळा. २७ ऑक्टोबरच्या पहाटे विमानं उडाली. विमानतळ मोकळा होता. राय उतरले, बारामुल्लाच्या दिशेने पुढे सरकले, आणि त्याच दिवशी लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

एकविसाव्या वर्षी ज्याला आपण निरोप देऊन विमानात बसवलं, तो संध्याकाळपर्यंत या जगात नाही. मला वाटतं, सिन्हांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथे आहे. ज्याने हे पाहिलं, त्याला हुद्दा ही वस्तू आपली वाटणं अवघड आहे. राय यांचाही हुद्दा होता, त्यांनाही पुढच्या पायऱ्या होत्या. पुढे सिन्हांनी काश्मीरच्या या लष्करी मोहिमेवर पुस्तक लिहिलं. त्या मोहिमेबद्दल ते आयुष्यभर बोलत राहिले.

१९४९ च्या जुलैत कराचीत युद्धबंदी रेषा ठरवण्यासाठी भारत आणि पाकिस्तानचे सेनाधिकारी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगासमोर बसले. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल एस. एम. श्रीनागेश, जन्म कोल्हापूरचा. बरोबर थिमय्या, माणेकशा, आणि सचिव म्हणून तरुण सिन्हा. श्रीनागेश १९५५ मध्ये लष्करप्रमुख झाले, थिमय्या १९५७ मध्ये, माणेकशा १९६९ मध्ये. या टेबलाभोवतीचा चौथा माणूस मात्र होणार नव्हता. निवृत्तीनंतर श्रीनागेश आसामचे राज्यपाल झाले, पुढे आंध्र आणि म्हैसूरचेही. आसामचं तेच राज्यपालपद कराचीनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी या सचिवाच्या वाट्याला येणार होतं, पण कराचीत ते कुणाच्या स्वप्नातही नसेल.

पुन्हा १९८३ कडे येऊ. वैद्य प्रमुख झाले आणि पुढल्याच वर्षी जूनमध्ये सुवर्णमंदिरात कारवाई करण्याचा हुकूम फौजेला मिळाला. त्या कारवाईचा भार वैद्यांच्या खांद्यावर आला. जानेवारी १९८६ मध्ये ते निवृत्त झाले, पुण्यात स्थायिक झाले, आणि १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याच्या रस्त्यात, स्वतः गाडी चालवत घरी परतत असताना अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घातल्या.

यावर अनेकजण लगेच म्हणतात की बघा, सिन्हा सुटले, देवाने वाचवलं. मला हा हिशेब मुळीच पटत नाही. वैद्यांनी हुकूम पाळला आणि त्याची किंमत प्राणाने चुकवली. त्यांच्या मरणातून दुसऱ्याच्या नशिबाचं गणित काढणं हा त्यांचा अपमान आहे. सिन्हांचं मोठेपण ते वाचले यात नाहीच. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, नुकसान ताजं असताना, ते ज्या रीतीने बाजूला झाले, त्यात ते आहे. पुढचा नफा-तोटा त्या कृतीला लावायचं कारण नाही.

बाजूला झाले म्हणजे स्वस्थ बसले असंही नाही. १९८४ मध्ये पाटण्यातून लोकसभेला अपक्ष उभे राहिले आणि हरले. १९९० मध्ये त्यांना नेपाळमध्ये राजदूत म्हणून पाठवलं गेलं. व्यापार कराराच्या वादावरून आदल्या वर्षी भारत-नेपाळ संबंध फारच बिघडले होते आणि त्याच वर्षी नेपाळात लोकांच्या आंदोलनाने पंचायत राजवट संपून बहुपक्षीय लोकशाही आली. गोरखा सैनिकांत आयुष्य काढलेल्या माणसाला ती भूमी परकी नव्हती.

मग १९९७ चा सप्टेंबर उजाडला. वय एकाहत्तर. सिन्हा आसामचे राज्यपाल झाले.

राज्यपाल ही खुर्ची जन्मभर हुकूम देणाऱ्या माणसाला फार कठीण. राजभवन मोठं, दाराशी पहारा, गाडीवर झेंडा, समोर येईल तो अधिकारी सलाम करतो. पण राज्यघटनेचा १६३ वा अनुच्छेद सांगतो की कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालवायचा. लष्कराचा कोअर कमांडर राजभवनावर येऊन अदबीने बोलेल, पण हुकूम घेईल तो आपल्या वरिष्ठांचा. पोलीस मुख्यमंत्र्यांचे. पैसा अर्थखात्याचा. ज्याने डिव्हिजन, कोअर, कमांड चालवल्या, त्याच्या हाती आता उरतं ते बोलणं, लिहिणं आणि पाठपुरावा करणं. अनेक निवृत्त सेनानी इथे अडखळतात. कुणी हुकूम सोडायला जातात आणि तोंडघशी पडतात, तर कुणी कंटाळून उद्घाटनांच्या फिती कापत मुदत संपवतात.

आसामची तेव्हाची स्थिती बिकट होती. उल्फा या फुटीर संघटनेची बंदूक, खंडण्या, अपहरणं, बोडो भागातली वेगळी आग, आणि सगळ्याच्या तळाशी एक जुनी सल. दिल्लीला आपण दिसतच नाही, ही ती सल. चहा आमचा, तेल आमचं, पूर आमच्याच वाट्याचा आणि देशाच्या इतिहासात आमचं नाव नाही, असं तिथला साधा माणूसही बोलून दाखवायचा. सिन्हांनी आपली मांडणी तीन अंगांनी केली. सुरक्षा दलांनी मिळून काम करावं, राज्याचा आर्थिक विकास व्हावा, आणि तिसरं म्हणजे माणसांच्या मनापर्यंत पोचावं. पहिल्या दोन अंगांत ते आग्रह धरू शकत होते, शेतीच्या पाण्यासाठी उथळ कूपनलिकांसारख्या कामांचा पाठपुरावा करू शकत होते. तिसऱ्या अंगात मात्र त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

त्यांनी आसामचा इतिहास वाचायला घेतला. सत्तरी ओलांडलेला हा बिहारी माणूस संत शंकरदेवांबद्दल, लाचित बरफुकनांबद्दल, गोपीनाथ बरदलैंबद्दल सभांतून बोलू लागला. आसामबाहेर, दिल्लीत, लष्करी व्यासपीठांवर बोलू लागला. १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत आसामला बंगालबरोबर एका गटात टाकलं होतं. आसाम सरकारचे तेव्हाचे प्रमुख बरदलै यांनी त्याला विरोध केला नसता तर पुढचा नकाशा वेगळा झाला असता. एवढं करूनही देशभरात त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बरदलैंना मरणोत्तर भारतरत्न मिळावं म्हणून सिन्हांनी जोर लावला आणि १९९९ मध्ये ते मिळालं.

पण माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम लाचित बरफुकनांबद्दलचं आहे, आणि ते थेट आपल्या दारात येऊन पोचतं. म्हणून ते जरा सावकाश सांगतो.

१६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याला औरंगजेबाच्या कैदेत होते, तेव्हा त्यांची हमी घेतली होती ती मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा कुंवर रामसिंग याने. १७ ऑगस्टला महाराज निसटले. बादशहाचा संशय रामसिंगावर आला आणि त्याला दरबारात यायला बंदी झाली. शाळेतला आपला धडा साधारण इथे संपतो. महाराज राजगडावर पोचतात आणि रामसिंग आपल्या गोष्टीतून नाहीसा होतो.

पण रामसिंगाची गोष्ट पुढे आहे. १६६७ मध्ये आसामच्या आहोम राज्याचा सेनापती लाचित बरफुकनाने मोगलांकडून गुवाहाटी परत जिंकून घेतली. ती पुन्हा मिळवायला औरंगजेबाने मोठी फौज देऊन आसामात कुणाला पाठवलं? याच रामसिंगाला. आग्र्याच्या प्रकरणात मर्जीतून उतरलेल्या सरदाराला रोगराईच्या आणि जंगलांच्या त्या मुलखात पाठवणं ही एका परीने शिक्षाच होती. १६६९ पासून रामसिंग गुवाहाटीच्या तोंडाशी ठाण मांडून बसला. अलाबोईच्या मैदानात आहोमांची भयंकर कत्तल झाली. तरी लाचितने गुवाहाटी सोडली नाही. उघड्या मैदानात मोगली घोडदळापुढे टिकाव लागणार नाही हे त्याने जाणलं होतं. म्हणून टेकड्या आणि मातीचे तट यांच्या आडून, रात्रीचे छापे घालत तो लढला, आणि शेवटची लढाई त्याने नदीवर ओढली. गुवाहाटीजवळ सराईघाटाला ब्रह्मपुत्रेचं पात्र अरुंद होतं. १६७१ च्या मार्चमध्ये तिथे नावांची लढाई झाली. लाचित तापाने फणफणला होता. मोगलांची सरशी होते आहे आणि आपले लोक माघार घेताहेत असं पाहून तो आजारपणातून उठला, नावेत बसला आणि सरळ शत्रूवर चालून गेला. त्याला पाहून पळणारे वळले. मोगल आरमार हरलं, रामसिंगाला परतावं लागलं. पुढच्याच वर्षी लाचित वारला.

त्याच्याबद्दल आसामात घरोघर एक कथा सांगतात. गुवाहाटीच्या बचावासाठी एक तट रातोरात उभा करायचा होता आणि त्या कामावर लाचितचा सख्खा मामा होता. रात्री लाचित पाहायला आला तर काम थांबलेलं, माणसं झोपलेली. त्याने तिथेच मामाचं मस्तक उडवलं. देशापेक्षा मामा मोठा नाही, असा तिचा आशय. कथा अंगावर येणारी आहे. आजच्या माणसाने ती जशीच्या तशी डोक्यावर घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण लाचितबद्दल आसामी माणसाला काय वाटतं ते तिच्यातून नेमकं कळतं.

महाराष्ट्रात महाराजांची आठवण घरोघर आहे. त्याच काळात, त्याच औरंगजेबाविरुद्ध, देशाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिलेल्या या सेनापतीचं नाव आसामबाहेर क्वचितच कुणाला ठाऊक होतं. सिन्हांनी हे जाणलं आणि ते आणखी एक पाऊल पुढे गेले. भाषणं विरतात, हे त्यांना ठाऊक असणार. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत देशाच्या सगळ्या राज्यांतली मुलं भूदल, नौदल आणि हवाई दलाचे अधिकारी होण्यासाठी एकत्र शिकतात. तिथे लाचित बरफुकनांच्या नावाने सुवर्णपदक ठेवलं जावं, यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. १९९९ पासून प्रबोधिनीतल्या सर्वोत्कृष्ट कॅडेटला ते दिलं जातं. प्रबोधिनीच्या आवारात लाचितचा पुतळाही उभा राहिला.

बेळगावची नोंद ध्यानात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. अर्धशतकापूर्वी जो स्वतः सर्वोत्कृष्ट कॅडेट ठरला होता, ज्याच्या हाताशी आलेलं सर्वोच्च पद गेलं होतं, त्याने पुढच्या पिढ्यांच्या सर्वोत्कृष्ट कॅडेटसाठी पदक ठेवलं, आणि त्यावर नाव घातलं ते तीनशे वर्षांपूर्वीच्या एका आसामी सेनापतीचं. केरळचा, हरियाणाचा, साताऱ्याचा मुलगा ते पदक घेतो, तेव्हा त्याला निदान विचारावं तरी लागतं की हा लाचित कोण. यासाठी हुकूम लागला नाही, कायदा लागला नाही. एका म्हाताऱ्या जनरलचा पाठपुरावा लागला.

आसामात त्यांच्यावर टीकाही झाली. १९९८ च्या नोव्हेंबरात त्यांनी राष्ट्रपतींना बांगलादेशातून होणाऱ्या घुसखोरीवर सविस्तर अहवाल पाठवला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घुसखोरांविषयीचा १९८३ चा कायदा रद्द केला, तेव्हा निकालात या अहवालाचा मोठा आधार घेतला. काहींना तो सावधगिरीचा इशारा वाटला, तर काहींना तो एका समाजाकडे बोट दाखवणारा वाटला. मुख्यमंत्री प्रफुल्लकुमार महंत यांच्यावर एका गैरव्यवहार प्रकरणात खटला भरायला त्यांनी सीबीआयला परवानगी नाकारली, त्यावरही वाद झाला.

मग काश्मीर. जून २००३ मध्ये ते जम्मू-काश्मीरचे राज्यपाल झाले. ज्या धावपट्टीवर उतरायला त्यांनी एकविसाव्या वर्षी माणसं पाठवली होती, तिथे सत्याहत्तराव्या वर्षी ते राज्याचे घटनात्मक प्रमुख म्हणून आले. गोष्ट इथे सुखाने संपायला हवी होती. पण तशी ती संपली नाही, आणि ते लपवलं तर गोष्ट खोटी ठरेल.

राज्यपाल हा तेव्हा अमरनाथ देवस्थान मंडळाचा पदसिद्ध अध्यक्ष असे. यात्रा किती दिवसांची असावी यावरून त्यांचा मुख्यमंत्री मुफ्ती मोहम्मद सईद यांच्याशी खटका उडाला. यात्रा दोन महिने चालावी हा सिन्हांचा आग्रह होता. सैनिकाच्या नजरेने पाहिलं तर त्यांचं बरोबर वाटतं. इतकी माणसं डोंगरात येणार, तर तंबू, पाणी, शौचालयं, वाटा यांची सोय झालीच पाहिजे. २००८ च्या मेमध्ये राज्य सरकारने बालटालच्या वाटेवरची सुमारे ४० हेक्टर वनजमीन मंडळाला देण्याचा आदेश काढला. काश्मीर पेटलं. जूनच्या २५ तारखेला सिन्हांची मुदत संपली आणि ते गेले. जुलैच्या पहिल्या तारखेला आदेश मागे घेतला गेला, त्यावर जम्मू पेटली, मुख्यमंत्री गुलाम नबी आझाद यांचं सरकार पडलं, दोन्हीकडे माणसं मेली. ऑगस्टअखेर तडजोड झाली की जमीन फक्त यात्रेच्या दिवसांपुरती मंडळाला वापरायला मिळावी.

आदेश सरकारचा होता, एकट्या राज्यपालांचा नव्हता, हे खरं. पण मंडळाचे अध्यक्ष ते होते आणि आग्रह त्यांचा होता. काश्मिरात जमिनीचा प्रश्न निव्वळ सोयीचा कधीच नव्हता. तिथल्या माणसाला त्यात आपलं अस्तित्व दिसतं. आसामात ज्या माणसाने आधी समोरच्याचं मन वाचलं आणि मग पाऊल टाकलं, त्याने इथे पाऊल आधी टाकलं. हा माझा निष्कर्ष आहे आणि सिन्हांना मानणाऱ्या अनेकांना तो आवडणार नाही. पण मला ते इतके मोठे वाटतात, म्हणूनच त्यांची चूक झाकावीशी वाटत नाही. हाती सत्ता नव्हती तिथे त्यांनी लोकांना जोडलं. देवस्थान मंडळाच्या रूपाने थोडी सत्ता हाती आली, तिथे त्यांची जुनी सवय वर आली.

१७ नोव्हेंबर २०१६ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं. जनरल वैद्यांना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.

पुण्यामुंबईच्या शिक्षकांना आणि आईवडिलांना माझी एक विनंती आहे. आग्र्याहून सुटकेचा धडा मुलांना शिकवाल तेव्हा रामसिंगाला आग्र्यातच सोडून देऊ नका. त्याच्यामागून ब्रह्मपुत्रेपर्यंत जा, सराईघाट दाखवा, लाचित बरफुकनांचं नाव फळ्यावर लिहा, आणि हेही सांगा की त्यांच्या नावाचं पदक दरवर्षी खडकवासल्याला दिलं जातं.